चपटी लेन्स येतेय म्हणे. मग मोठ्या लेन्सवर आता पैसे घालावेत का?

घाटवाट | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. गेली सहा वर्षं हिवाळ्यात भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कुंभारगावातून पहाटे होडी, पाठीला कळ, आणि नावाडी "साहेब, उजवीकडं" म्हणेपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) उडालेले. माझी ३०० मिलिमीटरची लेन्स अपुरी पडते हे कळून चुकलंय. आता एक ५०० मिळतेय, सेकंडहँड, सव्वादोन लाखांना. घरून मंजुरी मिळाली (हे तीन शब्द लिहायला दोन वर्षं लागली). आणि ऐन वेळी भाच्यामुळे माशी शिंकली.

भाचा पुण्यात चिप डिझाइनमध्ये आहे. तो म्हणतो, "मामा, कशाला काचेचे गोळे विकत घेतोस? मेटालेन्स येतेय. केसापेक्षा पातळ, सपाट, चिपसारखी छापलेली. पाच वर्षांनी तुझी तोफ कुणी फुकट नेणार नाही."

पोरगं हुशार आहे, म्हणून धास्ती वाटतेय. जाणकारांनी सांगावं: हे नक्की काय आहे आणि मी थांबू का?

---

तिरपी_रेघ | शनिवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर लिहितो. तोवर मॉडेल सांगा, कोणती ५००?

---

घाटवाट | शनिवार, रात्री ११:१२

निकॉन, ५०० एफ/५.६ पीएफ.

---

तिरपी_रेघ | शनिवार, रात्री ११:१४

हा हा. उद्या लिहितोच.

---

अर्धाकप | रविवार, सकाळी ८:२०

माझ्याकडे फोनशिवाय कॅमेरा नाही, पण त्या 'हा हा'मुळे झोप लागली नाही. लवकर लिहा हो.

---

तिरपी_रेघ | रविवार, सकाळी ११:५०

लिहितो. बारावीच्या मुलांना शिकवायची सवय असल्यामुळे लांबण लागेल, माफी असावी.

आधी साधं भिंग. काचेत प्रकाश हवेपेक्षा हळू चालतो. बहिर्गोल भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असतं, म्हणजे मधून सरळ जाणाऱ्या प्रकाशाला जास्त रखडवायचं आणि कडेने लांबचा फेरा मारून येणाऱ्याला कमी. मग सगळे नाभीपाशी, म्हणजे किरण जमतात त्या जागी, एकाच वेळी पोचतात. भिंगाचा बाक म्हणजे कुणाला किती रखडवायचं याचा तक्ता, बाकी काही नाही.

आता गंमत. दादरला तुम्हाला ८:१४ ची लोकल पकडायची होती आणि ती चुकली. दर चार मिनिटांनी अगदी तशीच गाडी असेल, तर पलीकडे उभ्या माणसाला तुम्ही ८:१४ ने आलात की ८:१८ ने हे गाडी बघून कळत नाही. एकाच रंगाच्या प्रकाशलहरींचं असंच आहे. शिखरामागून शिखर ठरावीक अंतराने येतं, त्यामुळे पूर्ण एक लहर मागे पडली तरी नाभीपाशी हिशेब जुळतो. म्हणजे काचेची ती सगळी जाडी लागतच नाही. एका लहरीपुरतं रखडवलं की झालं, पुढचं पुन्हा शून्यापासून.

फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहाच्या भिंगाची फालतू काच पायऱ्यापायऱ्यांनी काढून टाकली ती जाडी आणि वजन कमी करायला. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँ दीपगृहात ते भिंग बसलं. त्याच्या पायऱ्या लहरीच्या मानाने प्रचंड मोठ्या होत्या. त्या पायऱ्या एका लहरीच्या मापाच्या केल्या की माझा लोकलचा हिशेब लागू होतो.

मेटालेन्समध्ये पायऱ्याही नाहीत. सपाट काचेवर लाखो खांब, प्रत्येक खांब प्रकाशाच्या लहरीपेक्षा अरुंद. खांबाची जाडी किती, किंवा तो किती वळवून उभा केलाय, यावर तिथला प्रकाश किती रखडणार हे ठरतं. हार्वर्डमध्ये फेदेरिको कापासो यांच्या गटाने २०१६ मध्ये दृश्य प्रकाशासाठी अशी लेन्स केली. खांब टायटॅनियम डायऑक्साइडचे (पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तोच), उंची ६०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. भाचा म्हणतो ते खोटं नाही.

आता माझं 'हा हा'. घाटवाट, पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. तुम्ही घेताय त्या लेन्समध्ये एका भिंगावर अशाच बारीक कड्या कोरलेल्या आहेत. ज्या तोफेला भाचा हसतोय तिच्यात त्याच कुळातली चपटी लेन्स आधीच बसलेली आहे!

---

घाटवाट | रविवार, दुपारी १२:३०

अरे देवा. मला वाटायचं पीएफ म्हणजे काहीतरी 'प्रोफेशनल'. विकणाऱ्यालाही तसंच वाटतंय.

पण मग एकच भिंग चपटं का? सगळीच का नाहीत?

---

तिरपी_रेघ | रविवार, दुपारी १:१०

कारण लोकल एकाच वेळापत्रकाची नाही. निळ्याची गाडी दर साडेचार मिनिटांनी, हिरव्याची साडेपाच, लाल साडेसहा. 'एक गाडी मागे चालेल' हा हिशेब एका रंगाला जुळवला की दुसऱ्याचा बिघडतो. चपट्या भिंगात लाल प्रकाश जवळ जमतो, निळा लांब. साध्या काचेत बरोबर उलटं, निळा जवळ आणि लाल लांब. म्हणून कॅनन आणि निकॉनने दोघांची सोयरीक लावली. काचेचा रंगदोष आणि कड्यांचा रंगदोष विरुद्ध दिशेचे, एकमेकांना खातात. मग तोच दोष मारण्यासाठी लागणारी जड काच काढून टाकता येते.

कॅननने ४०० एफ/४ डीओ (डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिक्स, म्हणजे असंच कड्यांचं भिंग असलेली) २००१ मध्ये बाजारात आणली. म्हणजे हे तंत्र कॅमेऱ्यात येऊन वीस वर्षं उलटून गेली.

आणि माझा खरा मुद्दा. निकॉनच्या दोन ३०० एफ/४ लेन्स शेजारी ठेवा. जुनी १४४० ग्रॅम, २०१५ ची पीएफ ७५५ ग्रॅम. लांबी सुमारे २२ सेंटिमीटरवरून पावणेपंधरावर आली. आणि पुढच्या फिल्टरचं माप? तेव्हाही ७७ मिलिमीटर, आताही ७७. वजन गेलं, लांबी गेली, तोंड तेवढंच राहिलं. यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

---

भाचा_बोलतोय | रविवार, दुपारी ३:४५ (नवीन सभासद)

नमस्कार. मामाने लिंक पाठवली, 'वाच आणि गप्प बस' या निरोपासकट. गप्प बसणार नव्हतोच.

पीएफबद्दल माहीत नव्हतं, मान्य. पण तुम्ही आजच्या मर्यादा सांगून उद्याचा निकाल देताय. रंगांची अडचण सोडवायचं काम चालू आहे. हार्वर्डच्याच गटाने २०१८ मध्ये ४७० ते ६७० नॅनोमीटर, म्हणजे निळ्यापासून लालपर्यंत, एकाच ठिकाणी आणणारी मेटालेन्स दाखवली. २०२१ मध्ये प्रिन्स्टन आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने मिठाच्या कणाएवढा, अर्ध्या मिलिमीटरचा कॅमेरा केला. त्यावर १६ लाख खांब. त्याचे रंगीत फोटो पाच लाख पट मोठ्या नेहमीच्या लेन्सच्या बरोबरीचे आले. मिठाचा कण, सर. आणि तुम्ही ७७ मिलिमीटर सांगताय.

---

तिरपी_रेघ | रविवार, संध्याकाळी ५:२०

या, स्वागत. बोलणारा भाचा बरा.

२०१८ ची ती लेन्स केवढी होती तेही सांगा. मिलिमीटरच्या अंशाएवढी. हा योगायोग नाही. सगळे रंग खरोखर एकाच वेळी पोचवायचे तर 'एक गाडी मागे' ही पळवाट बंद होते, मग मधल्या आणि कडेच्या वाटेतला फरक प्रामाणिकपणे रखडवून भरून काढावा लागतो. लेन्स जितकी रुंद, तितका हा फरक मोठा. मायक्रोमीटरभर उंचीचा खांब किती रखडवणार? खांबाला कितीही हुशारीने आकार द्या, उंचीची मर्यादा राहतेच.

एकाच रंगावर समाधान मानलं तर मात्र रुंद करता येते. हार्वर्डनेच २०२४ मध्ये १० सेंटिमीटर व्यासाची केली. नुसत्या काचेची, १८७० कोटी खांबांची. तिच्यातून सूर्य, चंद्र आणि उत्तर अमेरिका तेजोमेघ टिपला. अफाट काम आहे, मी उभा राहून टाळ्या वाजवीन. पण ती एका लाल रंगासाठी बेतलेली आहे. तुमच्या मामाचे रोहित गुलाबी आहेत, पाणी निळं आणि गवत हिरवं.

आणि तोंडाचा मुद्दा. ५०० एफ/५.६ म्हणजे ५०० भागिले ५.६, सुमारे ८९ मिलिमीटरचं भोक. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक चार मिलिमीटरच्या आसपास. क्षेत्रफळात पाचशे पट फरक. पहाटेच्या धुक्यात पाचशे बादल्या प्रकाश एकीकडे आणि एक बादली दुसरीकडे. शिवाय भोक जितकं लहान तितका तपशील फिसकटतो. १०० मीटरवर चार मिलिमीटरच्या भोकाला पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी सुट्या दिसत नाहीत. ८९ ला एक मिलिमीटरच्या आतल्याही दिसतात. एकाला पक्षी दिसेल, दुसऱ्याला पिसं. हे काचेचं नाही, प्रकाशाचं गणित आहे. खांब लावा, पाणी भरा, आरसा बसवा, भोक तेवढंच लागणार.

म्हणजे लेन्स चपटी होईल, अरुंद नाही. भविष्यातली ५०० थाळीसारखी असेल. पण थाळीएवढी असेल.

---

बोरीबंदर_जुना | रविवार, रात्री ९:००

थाळी म्हणालात म्हणून शिरतो. फोर्टात बोरा बाजारला आमचा एक कारागीर आहे. माझ्या तीन लेन्स त्याने बुरशीतून वाचवल्यात. रत्नागिरीला सासुरवाडी, एक पावसाळा कपाटात लेन्स राहिली की आत कोळ्याचं जाळं. तो लेन्स उघडतो, एकेक भिंग काढून कसल्याशा द्रावणाने पुसतो, उजेडाकडे धरून डोळा बारीक करून बघतो आणि "हो गया" म्हणतो.

माझा प्रश्न अडाणी आहे. हे जे कोट्यवधी खांब आहेत, ते पुसायचे कसे? बोटाचा ठसा उमटला तर?

---

दूरदेशी | रविवार, रात्री ११:३०

अडाणी अजिबात नाही, आमच्याकडे हाच पहिला प्रश्न असतो. मी जर्मनीत एका चिप कारखान्यात लिथोग्राफीवर, म्हणजे प्रकाशाने नक्षी छापण्याच्या कामावर आहे (मेटालेन्स नाही, साध्या चिप्स). उत्तर: पुसायचे नाहीत. खांब आतल्या बाजूला, वरून काच, सगळं सीलबंद. बिघडलं की आख्खा तुकडा बदला. तुमच्या कारागिराला त्यात काम नाही, वाईट वाटतं पण खरंय.

धाग्यात एक गोष्ट राहिलीये. मेटालेन्स 'येणार' नाही, आलेली आहे, फक्त फोटोच्या कॅमेऱ्यात नाही. कापासो ज्याच्या स्थापनेत होते त्या मेटालेन्झ कंपनीची रचना एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने २०२२ मध्ये अंतर मोजणाऱ्या सेन्सरात घातली. ते सेन्सर अदृश्य अवरक्त लेझर सोडतात आणि परतीचा वेळ मोजतात. लेझर म्हणजे एकच रंग. तिरपी_रेघ यांच्या भाषेत, त्या रुळावर एकाच वेळापत्रकाची गाडी धावते, म्हणून चपटी लेन्स तिथे फिट्ट बसते. चेहरा ओळखून फोन उघडणं, रोबोटला भिंत दिसणं, ही सगळी अवरक्त प्रकाशाची कामं. पहिली गर्दी तिकडेच आहे.

आणि कारखान्याच्या नजरेतून गंमत अशी की लेन्स चकतीवर हजारोंनी छापली जाते, चिपसारखी. घासणं नाही, पॉलिश नाही. सेन्सर आणि लेन्स एकाच छताखाली. कॅमेऱ्याचा धंदा बदलेल तो इथे.

---

भाचा_बोलतोय | रविवार, रात्री ११:५०

बघा! हेच तर म्हणत होतो.

---

घाटवाट | सोमवार, सकाळी ७:१०

तू 'तोफ फुकट जाणार' म्हणत होतास. झोप आता.

---

अर्धाकप | सोमवार, दुपारी २:१५

तिरपी_रेघ यांनी कड्या म्हटल्या आणि मला आई आठवली. अवांतर वाटेल, पण नाहीये.

दोन वर्षांपूर्वी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. साधी लेन्स, जवळचं वाचायला चष्मा लागणार. किंवा महागातली मल्टिफोकल, चष्म्याची गरज कमी. आम्ही हौसेने महागातली घेतली. त्या लेन्सवर बारीक गोल कड्या असतात आणि त्या प्रकाश दोन-तीन अंतरांसाठी वाटून देतात, हे मला नंतर कळलं.

आई पेपर बिनचष्म्याने वाचते, खूश आहे. पण रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडी दिसते म्हणते. "गणपतीच्या मागची प्रभावळ असते ना, तशी." आता सवय झालीये. पण बाबा अजूनही गाडी चालवतात, रात्रीसुद्धा. पुढच्या महिन्यात त्यांची पाळी आहे. इथे वाचून वाटतंय की साधीच घालावी.

---

तिरपी_रेघ | सोमवार, दुपारी ४:००

दंडवत घ्या. आम्ही इथे प्रयोगशाळा धुंडाळत होतो आणि चपटी लेन्स तुमच्या आईच्या डोळ्यात बसलेली निघाली.

कडी दिसते कारण प्रकाश वाटून दिलाय. एका अंतराची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट पडते, तेव्हा दुसऱ्या अंतराचा वाटा तिथेच पसरट पडतो. उजेडात जाणवत नाही, काळोखात एकटा दिवा असला की दिसतो. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण रात्री गाडी चालवतात हे त्यांना आवर्जून सांगा. तो तुमचा सगळ्यात कामाचा मुद्दा आहे.

---

बोरीबंदर_जुना | सोमवार, रात्री ८:४०

भाचेबुवांच्या मिठाच्या कणावर एक शंका. त्याचा फोटो लेन्सने काढला की कॉम्प्युटरने?

विचारतो कारण एकदा हात पोळलेत. २०१२ मध्ये लायट्रो नावाचा कॅमेरा आला. आधी फोटो काढा, फोकस नंतर ठरवा. मी वेडा झालो, अमेरिकेतून येणाऱ्या चुलतभावाला आणायला लावला. डबीएवढा, देखणा. फोटो मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढेच बरे दिसायचे. २०१८ मध्ये कंपनी बंद. अजून शोकेसमध्ये आहे, नातू त्याला टॉर्च समजतो.

---

भाचा_बोलतोय | सोमवार, रात्री ९:३०

दोघांनी मिळून. खांबांची रचना आणि फोटो सावरणारं सॉफ्टवेअर एकत्रच शिकवलं होतं. लेन्सने जे दिलं ते धूसर आणि रंग सांडलेलं, त्यातून प्रोग्रॅमने चित्र उभं केलं. पण काका, तुमच्या फोनचा प्रत्येक फोटो आज असाच होतो. आठ-दहा फ्रेम जोडून.

---

बोरीबंदर_जुना | सोमवार, रात्री ९:५५

जोडणं वेगळं, कल्पना करणं वेगळं. मागे फोनमधल्या चंद्राच्या फोटोवरून गदारोळ झाला ना. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचा फोटो काढला तरी फोनने खड्डे भरून दिले. आमच्या घाटवाटांना उद्या न दिसलेलं पीस दाखवलं तर?

---

भाचा_बोलतोय | सोमवार, रात्री १०:१०

हा मुद्दा मला टोचतो, खोटं बोलणार नाही. दुर्बिणीने आतडं तपासायला हा मिठाचा कण वापरायचा असेल तर डॉक्टरला 'बहुधा असं असेल' चालणार नाही. एंडोस्कोपी हाच तर या संशोधनाचा मोठा उपयोग म्हणून सांगतात. कुठला ठिपका टिपलेला आणि कुठला भरलेला, हे वेगळं दाखवता यायला हवं.

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री १२:२०

अजून एक, मग खरंच झोपतो. फोनच्या पाठीवर टेंगूळ का असतं? भिंगं जाड म्हणून थोडं, पण भिंग आणि सेन्सर यांच्यात मोकळी जागा लागते हेही मोठं कारण आहे. लेन्स कागदाएवढी केली तरी ती हवा राहतेच. म्हणून तर पेरिस्कोप आले, प्रकाश काटकोनात वळवून फोनच्या आत आडवा झोपवायचा. कॅनडात ओटावा विद्यापीठातल्या मंडळींनी २०२१ मध्ये या मोकळ्या जागेचीच घडी घालणारी पाटी दाखवली, 'स्पेसप्लेट'. तिच्यातून गेलेला प्रकाश तिच्या जाडीपेक्षा जास्त अंतर चालून आल्यासारखा वागतो. अजून बाल्यावस्थेत आहे, पण मला मेटालेन्सपेक्षा याचं जास्त कुतूहल आहे. लेन्स पातळ करायला निदान काच तरी हातात असते. इथे हवा पातळ करायची आहे.

---

अर्धाकप | मंगळवार, सकाळी ९:००

'हवा पातळ करायची' हे वाक्य चोरलं.

घाटवाट, पण घेताय का नाही?

---

घाटवाट | पुढचा रविवार, रात्री ९:१५

उशिराबद्दल क्षमस्व. घेण्याआधी तीच लेन्स दोन दिवस भाड्याने आणली आणि भाच्याला पहाटे तीनला उठवून भिगवणला नेलं. दीड किलोच्या आत भरते, होडीत हातात धरता आली, ट्रायपॉड काढलाच नाही. रोहित होते, तीस-चाळीस. भाच्याने आधी फोनने काढले, मग माझ्या हातातून कॅमेरा घेतला, मग परत दिलाच नाही.

सूर्य वर आल्यावर पाण्याच्या चमकीविरुद्ध काही फ्रेम मारल्या. घरी येऊन पाहिलं तर दोन-तीन फोटोंत उजेडाच्या ठिकाणी रंगीत गोल कडी. मी हिरमुसलो, लेन्समध्ये दोष आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडायची तयारी केली. भाचा मात्र स्क्रीनवर नाक लावून हसत सुटला. "मामा, प्रभावळ!"

तिरपी_रेघ, ही तीच ना?

---

तिरपी_रेघ | रविवार, रात्री ९:४०

तीच. फ्रेममध्ये किंवा अगदी काठाबाहेर तीव्र उजेड असला की पीएफच्या कड्या अशा दिसतात. दोष नाही, भांडू नका. निकॉनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कमी करायची सोयसुद्धा आहे.

---

घाटवाट | रविवार, रात्री ९:४५

कमी कशाला करू. उद्या पैसे देऊन येतो.

---

अर्धाकप | रविवार, रात्री ९:४८

कडीवाला फोटो टाका इथे. आईला दाखवायचाय.